उंबरठ्यावरचे अनोळखी नाव

२०१६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या वेळी आम्ही ज्या धर्मग्रामात सेवेला होतो, तेथील कार्यालयात एक जुना संगणक होता. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी, मृतांच्या स्मरणार्थ मागितलेल्या मिस्सांची यादी, दफनभूमीचा हिशेब, रविवारचे माहितीपत्रक, असा धर्मग्रामाचा सारा संसार त्या एका यंत्रात साठवलेला होता. एका सकाळी मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात आलो, संगणक चालू केला आणि थबकलो. रोज पडद्यावर कार्यालयाचे एकच नाव उमटत असे. त्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी एक नाव होते : ‘डिफॉल्टयूजर०’. ते आम्ही लिहिले नव्हते, कोणाला लिहायला सांगितलेही नव्हते. त्यावर टिचकी मारली, तर संगणक आमच्याकडेच परवलीचा शब्द मागू लागला. आपल्याच घरात कोणीतरी रातोरात एक खोली बांधावी, तिला कुलूप लावावे आणि किल्ली आपल्यापाशी नसावी, तसे आम्हांला वाटले.

त्या कार्यालयात आमच्याखेरीज दोघांचाच वावर होता. हिशेब पाहणारे एक सेवानिवृत्त शिक्षक आणि संध्याकाळी दोन तास येऊन जुन्या नोंदवह्या संगणकात उतरवणारा बाविशीतला एक तरुण. शिक्षकांना संगणक चालू करण्यापलीकडे काही येत नव्हते. तरुणाने संगणकाचे शिक्षण घेतले होते. पंधरा दिवसांपूर्वीच त्याने मानधन थोडे वाढवून मिळेल का, असे विचारले होते आणि ते विचारणे आम्हांला मनातून रुचले नव्हते. धर्मग्राम मंडळातील एक सभासद पडद्यावरचे ते नाव पाहून म्हणाले, “फादर, त्या पोराशिवाय इथे यातलं कळतं कोणाला?” आम्ही काही बोललो नाही. आमचे मौन हाच त्यांनी होकार मानला, आणि खरे सांगायचे तर तो होकारच होता.

संध्याकाळी आम्ही त्याला विचारले, “हे नाव तू टाकलंस?”

“नाही, फादर.”

“मग कोणी टाकलं?”

“ते आता कसं सांगू? जरा बघू द्या, शोधून काढतो.”

ज्याच्यावर संशय, त्यालाच यंत्राला हात कसा लावू द्यायचा? आम्ही म्हणालो, “राहू दे. चार दिवस किल्ली आमच्याकडे असू दे.” त्याने खिशातून किल्ली काढून मेजावर ठेवली, दाराशी टेकवलेली छत्री उचलली आणि तो निघून गेला. रविवारपर्यंत ‘पोराने फादरांचा कॉम्प्युटर फोडला’ अशी वार्ता गावभर झाली होती. पुढच्या आठवड्यात तिला दफननिधीच्या पैशांचीही जोड मिळाली. तिसऱ्या दिवशी त्याची आई दारात उभी राहिली. “फादर, माझ्या पोरानं काय केलंय ते मला तरी सांगा,” एवढेच ती म्हणाली. आमच्यापाशी उत्तर नव्हते. ‘चौकशी चालू आहे’ असे आम्ही सांगितले. वस्तुतः चौकशी कोणीच करत नव्हते.

नऊ दिवसांनी शहरातून एक जाणकार गृहस्थ आले. त्यांनी अर्ध्या तासात उलगडा केला. त्या आठवड्यात आमच्या संगणकाच्या मूळ प्रणालीने आपली नवी आवृत्ती उतरवून घेतली होती. असे मोठे बदल करताना प्रणाली स्वतःच्या कामापुरते एक तात्पुरते खाते उघडते व काम झाले की ते मिटवून टाकते. कधीकधी ते मिटवायचे राहून जाते आणि पडद्यावर दिसू लागते. इमारत रंगवून झाल्यावर गवंड्याने परांची सोडायची विसरावी, त्यातलाच हा प्रकार. परांचीवरून चोर चढू शकतो हे खरे. पण परांची म्हणजे चोर नव्हे. त्यांनी ते नाव पाहता पाहता पुसून टाकले.

मग त्यांनी आमचा पेनड्राइव्ह मागितला. दर शुक्रवारी माहितीपत्रकाचा मजकूर त्यावर घेऊन आम्हीच तो छापखान्यात नेत असू. तो आमच्या झग्याच्या खिशात असे, आणि वाटेत आणखी चार ठिकाणच्या संगणकांनाही लागत असे. त्यात खरोखरच एक विषाणू निघाला, आणि तोच कार्यालयाच्या संगणकातही पसरला होता. त्याची रीत अशी, की तो आपल्या खऱ्या कप्प्यांना दडवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाच्या बनावट खुणा ठेवतो. आपण नेहमीप्रमाणे ‘बाप्तिस्मा’ या नावावर टिचकी मारली, की आतला कप्पा उघडतो. त्यामुळे आपल्याला शंका येत नाही. पण त्याच क्षणी तो विषाणूही जागा होतो व पुढे पसरतो. ज्या अनोळखी नावाला आम्ही घाबरलो, ते निरुपद्रवी होते. जो खरा घुसखोर होता, त्याने उंबरठ्यावर आपले नाव लिहिलेच नव्हते. तो ओळखीच्या नावांआड बसला होता, आणि त्याला आत आणणारा हात आमचा स्वतःचा होता.

या घटनेला बरीच वर्षे झाली, तरी ती आमच्या मनातून गेली नाही. तिने आमच्यापुढे एक जुनाच नैतिक प्रश्न नव्या वेषात उभा केला. संशय घेणे हे पाप आहे काय? आणि नसेल, तर ते पाप कोणत्या पायरीवर होते?

संशय मुळातच वाईट, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. शेकडो कुटुंबांच्या नोंदी ज्याच्या हाती सोपवल्या आहेत, त्याने डोळे मिटून बसणे हा भाबडेपणा नसून कर्तव्यच्युती आहे. चोर कोणत्या प्रहरी येणार हे कळले असते तर घरधनी जागा राहिला असता, असे प्रभू येशूनेच आपल्या शिष्यांना सांगितले. जागे राहणे ही आज्ञा आहे. पण त्याच प्रभूच्या चर्चने आठव्या आज्ञेच्या विवरणात खोट्या साक्षीबरोबर उतावळ्या न्यायालाही जागा दिली आहे. पुरेशा आधारावाचून शेजाऱ्याचा नैतिक दोष मनातल्या मनातही खरा मानणे, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात अपराध म्हणून नोंदलेले आहे. तेव्हा जागरूकता ही आज्ञा आणि उतावळा न्याय हा निषेध, या दोहोंमधून वाट काढायची आहे.

ही वाट चालून गेलेल्या एका माणसाची हकिगत आम्ही नंतर वाचली. १९८६ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ संगणकाच्या व्यवस्थेवर नेमले गेले. संगणक वापरल्याच्या वेळेचा हिशेब जुळेना. फरक अवघा ७५ सेंटांचा होता. शोध घेता ‘हंटर’ नावाचे एक खाते सापडले. ते कोणाचे, त्याचे पैसे कोणी भरायचे, याची नोंदच नव्हती. ते मिटवले, तर काही दिवसांत दुसरीकडून तक्रार आली की तुमच्या प्रयोगशाळेतून कोणीतरी आमच्या संगणकात शिरू पाहत आहे. यावेळी खाते होते प्रयोगशाळेतल्याच एका जुन्या, नामवंत सहकाऱ्याचे. तेवढ्यावर त्या सहकाऱ्याला दोषी ठरवणे सोपे होते. पण तो तर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. म्हणजे नाव त्याचे आणि हात दुसऱ्याचा.

स्टोल यांनी त्यानंतर कोणाचीही गचांडी धरली नाही. त्यांनी छपाईयंत्रे जमवून घुसखोराची प्रत्येक हालचाल कागदावर उतरवून घेतली, रोजची नोंदवही लिहिली, तारांच्या जाळ्यातून माग काढत राहिले. जवळजवळ वर्षभराच्या या चिकाटीनंतर तो माग थेट जर्मनीतील हॅनोव्हर शहरात मार्कुस हेस नावाच्या तरुणापाशी जाऊन पोचला. तो व त्याचे साथीदार अमेरिकेच्या लष्करी संगणकांतून उचललेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते. १९९० साली त्यांना शिक्षा झाली. या शोधाची हकिगत स्टोल यांनी १९८९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या नावात दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात घातलेल्या अंड्याची उपमा आहे, कारण घुसखोराने आपला कार्यक्रम प्रणालीच्या घरट्यात तसाच ठेवून दिला होता. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते हे सर्वांना ठाऊक आहे. संस्कृत कवींनी तर तिला ‘परभृत’ असे नावच दिले. कावळा ते अंडे आपले म्हणून उबवतो. आमच्या पेनड्राइव्हचे आम्ही तेच केले.

स्टोल यांच्या हकिगतीत आम्हांला जे भावले, ते त्यांचे तंत्रज्ञान नव्हे. ७५ सेंटांचा फरक ‘क्षुल्लक’ म्हणून त्यांनी सोडून दिला नाही. आणि सहकाऱ्याचे नाव पडद्यावर दिसले म्हणून तो दोषीही ठरवला नाही. वस्तूविषयी ते कठोर होते, व्यक्तीविषयी संयमी. आम्ही याच्या नेमके उलट वागलो. नऊ दिवस यंत्राला हात न लावता ठेवले आणि माणसाला पहिल्याच संध्याकाळी दूर केले.

हा भेद आमच्या फार पूर्वी वाचनात आला होता. सेमिनरीत परीक्षेपुरता वाचला आणि विसरलो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात न्याय या सद्गुणाचे विवेचन करताना संशयाचा विचार केला आहे. संशय कोठून उपजतो, याची ते तीन कारणे देतात. जो स्वतः वाईट असतो, तो इतरांनाही तसेच समजतो. ज्याच्याविषयी मनात अढी, मत्सर वा राग असतो, त्याच्याविषयी हलक्याशा खुणेवरूनही वाईट खरे वाटू लागते. आणि तिसरे कारण दीर्घ अनुभवाचे. म्हणूनच वृद्ध माणसे अधिक संशयी असतात. आम्ही आमच्या अंतःकरणाची झडती घेतली, तेव्हा आम्हांला वाटत होते की आमचा संशय अनुभवातून आला. तो आला होता अढीतून. मानधन वाढवून मागणाऱ्या मुलाविषयी मनात जो काटा राहिला होता, त्यालाच आम्ही पुरावा समजलो होतो.

संत थॉमस पुढे संशयाच्या तीन पायऱ्याही सांगतात. क्षुल्लक खुणेवरून एखाद्याच्या चांगुलपणाविषयी मनात शंका येणे, ही पहिली. ती मानवी स्वभावाला चुकत नाही व तिचा दोषही हलका. त्याच क्षुल्लक खुणेवरून त्याचे वाईटपण निश्चित मानणे, ही दुसरी. विषय गंभीर असेल तर हा दोषही गंभीर. आणि अधिकारावर असलेल्याने केवळ संशयावरून एखाद्याला दंड करणे, ही तिसरी; ती उघड उघड अन्यायाची. किल्ली मागून घेतली त्या क्षणी आम्ही तिसऱ्या पायरीवर होतो. ती किल्ली मेजावर ठेवण्याचा आवाज फार मोठा नव्हता. पण आजूबाजूच्या लोकांनी तो निवाडा म्हणूनच ऐकला.

मग शंका उरते, की चांगलेच गृहीत धरत गेलो तर आपण वारंवार फसणार नाही काय? संत थॉमस यांनी ही शंका स्वतःच उपस्थित केली आहे, आणि त्यांचे उत्तर आजही विचार करायला लावणारे आहे. वस्तूविषयी निर्णय करताना वस्तूचे काही बिघडत नाही. तेथे फक्त आपला निर्णय खरा की खोटा एवढाच प्रश्न असतो. माणसाविषयी निर्णय करताना मात्र त्या माणसाचा मान वा अपमान होतो. म्हणून वाईटाला चांगला समजून अनेकदा फसलेले बरे. पण चांगल्याला वाईट समजून एकदाही चुकणे बरे नव्हे. पहिल्या चुकीत आपले नुकसान आहे, दुसरीत दुसऱ्यावर अन्याय आहे. परंतु एवढ्यावर ते थांबत नाहीत. अनिष्टावर उपाय योजायचा असेल, तेव्हा सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरूनच तो योजावा; कारण जे औषध मोठ्या दुखण्याला पुरते, ते लहानाला पुरतेच. म्हणजे तजवीज करताना वाईटातले वाईट धरावे, निवाडा करताना चांगल्यातले चांगले.

या उत्तराचा पूर्वार्ध तेवढा घेतला, तर त्याचा दुरुपयोग होतो, हेही आम्हां धर्मगुरूंनी स्पष्टपणे कबूल केले पाहिजे. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना ‘आपण वाईट विचार करू नये’ या सबबीखाली आमच्याच चर्चमध्ये अनेक देशांत वर्षानुवर्षे पाठीशी घातले गेले. चांगुलपणाच्या त्या अनुमानाची किंमत निवाडा करणाऱ्यांनी दिली नाही, मुलांनी दिली. तेथे उपाय योजायचा होता आणि आम्ही उपायच टाळला. मुलांच्या सुरक्षेचे नियम सर्वांना सारखे लागू करणे, तक्रार योग्य अधिकाऱ्यांकडे तत्काळ देणे, चौकशी होईपर्यंत मुलांना धोक्यापासून दूर ठेवणे, हा उतावळा न्याय नव्हे. जेथे दुर्बलाचा जीव वा देह पणाला लागतो, तेथे तजवीज आधी. आमच्या कार्यालयात मात्र कोणाचा जीव धोक्यात नव्हता. धोक्यात होता तो एका तरुणाचा नावलौकिक, आणि त्याचीच आम्ही तजवीज केली नाही.

यंत्रात आढळलेली गोष्ट आणि माणसाने केलेली गोष्ट यांत किती अंतर असू शकते, याचे एक वेदनादायक उदाहरण आपल्या महाराष्ट्राशीच निगडित आहे. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथून भीमा-कोरेगाव प्रकरणी अटक झाली, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. आपल्या संगणकातून मिळाल्याचे सांगून दाखवलेला मजकूर आपला नव्हे, तो चोरून आत घातलेला आहे, असे त्यांनी अटकेपूर्वीच सांगून ठेवले होते. तळोजा कारागृहातून रुग्णालयात आणल्यावर, जामिनाची वाट पाहत असताना, ५ जुलै २०२१ रोजी वांद्रे येथे त्यांना मरण आले. डिसेंबर २०२२ मध्ये बचाव पक्षाच्या वतीने तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने अहवाल दिला, की त्यांच्या संगणकात दुरून शिरकाव झाला होता व ती कागदपत्रे घुसखोराने आत ठेवली होती. तपासयंत्रणेने या संस्थेचे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत, आणि निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे; आमचे नव्हे. पण एक प्रश्न प्रत्येक विवेकी माणसापुढे उरतोच. पोत्यात चषक सापडला म्हणून बन्यामीन चोर ठरतो काय? उत्पत्तीच्या पुस्तकातील ती कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. चषक खरोखरच त्याच्या पोत्यात होता. तो तेथे कोणी ठेवला, एवढेच विचारायचे राहून गेले होते.

कोणी म्हणेल, मग यंत्रावर विश्वासच ठेवू नये. तेही शक्य नाही. संगणकशास्त्रातील थोर संशोधक केन थॉम्पसन यांनी १९८३ सालचा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेले व्याख्यान १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखवून दिले, की एखाद्या कार्यक्रमाची मूळ संहिता ओळ न् ओळ वाचून निर्दोष ठरवली, तरी त्या संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनातच खोट लपवता येते, आणि ती संहितेत कोठेही दिसत नाही. सारांश असा, की जे आपण स्वतः पहिल्यापासून घडवले नाही, त्याची पूर्ण खात्री केवळ तपासणीने होत नाही. शेवटी ते घडवणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवावा लागतो. आम्हांला हा विचार फार मोलाचा वाटतो. यंत्रावरचा विश्वासही अखेर माणसांवरच येऊन टेकतो. असे असेल तर यंत्र वाचवण्यासाठी माणसांमधला विश्वास मोडणे, म्हणजे छप्पर शाकारण्यासाठी घराचा खांब तोडणे होय.

आता तजविजीविषयी थोडे. पडद्यावर अनोळखी खाते दिसले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. संगणक इंटरनेटच्या जाळ्यापासून तोडावा, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, घाईने काही पुसू नये. जे दिसते त्याचे छायाचित्र घेऊन जाणकाराला दाखवावे. खाते कधी उघडले गेले, त्याला कोणते अधिकार आहेत, हे जाणकाराला पाहता येते. परवलीचे शब्द दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावे. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी. हे सारे करताना वाईटातले वाईट गृहीत धरायला हरकत नाही; यंत्राला त्याचे वाईट वाटत नाही.

परंतु सर्वांत मोठी चूक याहून साधी होती, आणि ती त्या जाणकार गृहस्थांनीच आमच्या लक्षात आणून दिली. कार्यालयातील आम्ही तिघेही एकच खाते वापरत होतो, आणि त्याचा परवलीचा शब्द भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवला होता. ‘आपण सारे एका कुटुंबातले’ अशी आमची त्यामागची भावना होती. पण त्याचा परिणाम असा झाला, की कोणी काय केले हे कोणालाच दाखवता येईना, आणि जो निर्दोष होता त्याला आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याचा मार्गच उरला नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खाते देणे हा अविश्वास आहे, असे आम्ही समजत होतो. ते निरपराध्याला दिलेले संरक्षण आहे, हे तेव्हा कळले. धर्मग्रामाच्या पैशांच्या पेटीला दोन किल्ल्या ठेवतात, त्या खजिनदार चोर आहे म्हणून नव्हे. त्याच्यावर कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून.

मत्तयच्या शुभवर्तमानात गव्हाच्या शेतातल्या निदणाचा दाखला आहे. लोक झोपेत असताना वैरी येऊन निदण पेरून जातो. चाकर ते उपटून टाकायला निघतात आणि धनी त्यांना थांबवतो; निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, असे त्याला वाटते. या दाखल्यावर आम्ही कितीदा तरी प्रवचन केले असेल. पण त्या प्रसंगानंतर त्यातली एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. झोपलेले कोण होते, राखण कोणाकडे होती, हे धन्याला विचारता आले असते. त्याने चाकरांपैकी कोणाचेही नाव घेतले नाही. ‘हे वैऱ्याचे काम’ एवढेच म्हणून तो थांबला. शेतात निदण आहे हे त्याने नाकारले नाही, आणि ते पेरल्याचा आळ घरच्या माणसावर ठेवला नाही.

उलगडा झाला त्याच संध्याकाळी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. पाऊस लागून राहिला होता. तो ओटीवर बसला होता. आम्हांला पाहून उठून उभा राहिला. आम्ही त्याला सारे सांगितले, पेनड्राइव्हचेही सांगितले, आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, “फादर, तुम्ही विचारलंत त्याचं काही नाही. बघू द्या म्हणालो, ते बघू दिलं नाहीत.” आम्ही त्यावर काय बोलणार! त्याची आई आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही.

दुसऱ्याची अब्रू घेणाऱ्याने ती भरून दिली पाहिजे, असे चर्चची शिकवण सांगते. आणि जे चारचौघांत गेले ते एकांतात परत देता येत नाही. म्हणून येत्या रविवारी वेदीसमोरून आम्ही घडले ते लोकांना सांगितले. दोष कोणाचा होता हेही सांगितले. मिस्सेनंतर मंडळाचे ते सभासदही त्याच्या घरी जाऊन आले. आम्ही किल्ली परत देऊ केली. त्याने ती घेतली, राहिलेली शेवटची नोंदवही पूर्ण करून दिली आणि मग किल्ली शिक्षकांच्या हाती देऊन तो दुसरीकडे नोकरीला लागला. रागाने गेला असे म्हणवत नाही. पण रस्त्यात भेटला म्हणजे तो ‘जय येशू, फादर’ म्हणतो आणि पूर्वीसारखा थांबत नाही.

पडद्यावरचे ते अनोळखी नाव पुसायला मिनिटभरही लागले नव्हते. आज आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात आहोत; येथील कार्यालयात प्रत्येकाचे खाते वेगळे आहे आणि भिंतीवर काही लिहिलेले नाही. रात्री विवेकबुद्धीचे परीक्षण करायला बसतो, तेव्हा दिवसभरात कोणाविषयी काय गृहीत धरले हे आठवून पाहतो. बहुतेक वेळा तेथे एखादे नाव सापडते. ते आम्हीच लिहिलेले असते.